दातांच्या ठेवणीवरून जमातींमधले जैविक नाते: अभ्यास नेमका कोणत्या क्रमाने करावा

दातांवरून समाजांमधले नाते शोधणारे प्रबंध बहुतेक वेळा आकडेमोडीत फसत नाहीत. आकडेमोडीला बसेपर्यंत ते फसून झालेले असतात. एखाद्या आश्रमशाळेत जाऊन शंभर मुलांच्या दातांची मापे, म्हणजे ठसे, घेतली जातात, त्यांत ओतलेले साचे कपाटात येतात आणि मग यातून काय काढता येईल याचा विचार सुरू होतो. तोवर त्यात भावंडे किती आली, कोणाच्या दुसऱ्या दाढा अजून उगवल्याच नव्हत्या, तुलना कोणाशी करायची, हे सगळे हातातून गेलेले असते. मग चांगले सॉफ्टवेअरही काही करू शकत नाही.

हा लेख मानवशास्त्राच्या आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. विषय एवढाच: जिवंत लोकांच्या दातांचे साचे घेऊन, दातांच्या पृष्ठभागावरील उंचवटे, कडा, खाचा यांची नोंद करून दोन किंवा अधिक समाज एकमेकांपासून किती दूर आहेत हे काढणे. दातांची लांबी-रुंदी मोजण्याचा मार्ग वेगळा आहे आणि त्याचे प्रश्नही वेगळे, म्हणून तो इथे घेतलेला नाही.

उदाहरण म्हणून महाराष्ट्रातल्या चार जमाती घेतल्या आहेत: मेळघाटातले कोरकू, यवतमाळचे कोलाम, गडचिरोलीतले माडिया गोंड आणि रायगड-ठाणे-पालघर पट्ट्यातले कातकरी. यांपैकी कोलाम, माडिया आणि कातकरी हे राज्यातले तीन विशेष असुरक्षित आदिवासी गट आहेत. गणित समजावताना वापरलेले आकडे कल्पित आहेत, ते कोणत्याही जमातीचे नाहीत.

## १. आधी प्रश्न लिहून काढा

एका कागदावर प्रश्न लिहा आणि त्याखाली उत्तर कोणकोणते येऊ शकते तेही लिहा.

आपल्या चार जमातींत एक चांगला प्रश्न आयताच आहे. कोरकू ही मुंडा गटातली, म्हणजे ऑस्ट्रो-आशियाई कुळातली भाषा आहे. कोलामी आणि माडिया द्राविडी कुळातल्या आहेत. कातकरी इंडो-आर्य कुळातली आहे. मग दातांमधले अंतर भाषेच्या नात्याने जाते की नकाशावरच्या अंतराने? भाषेने जात असेल तर कोलाम आणि माडिया एकमेकांच्या सर्वांत जवळ यायला हवेत आणि कोरकू बाजूला पडायला हवेत. भौगोलिक अंतराने जात असेल तर विदर्भातल्या तिन्ही जमाती एका बाजूला आणि कोकणपट्टीतले कातकरी दुसऱ्या बाजूला दिसतील. दोन्ही अपेक्षा माप घेण्यापूर्वी तारीख घालून लिहून ठेवा. निकाल पाहून अपेक्षा लिहिली की प्रत्येक निकाल पटण्याजोगा वाटू लागतो.

तुलनेचा गट इथेच ठरवा. फक्त चार जमाती घेतल्या तर शेजारच्या शेतकरी समाजाशी झालेली सरमिसळ दिसणार नाही. म्हणून त्याच तालुक्यांतला एखादा बिगर-आदिवासी गट, उदाहरणार्थ कुणबी, सोबत घ्या. कोरकूंविषयी काही ठाम म्हणायचे असेल तर झारखंडकडचा मुंडा भाषा बोलणारा एखादा समाजही हवा. तो नसेल तर कोरकू बाजूला पडले, एवढेच म्हणता येईल. ते कोणाच्या जवळ आहेत हे म्हणता येणार नाही.

सावधान: 'इथले मूळचे कोण' या प्रश्नाला दात उत्तर देत नाहीत. तो प्रश्न कागदावर असेल तर खोडून टाका. एखाद्या व्यक्तीची जमात दातांवरून ओळखण्याचा प्रश्नही या पद्धतीचा नाही. इथे मोजमाप असते ते गटातल्या प्रमाणाचे. जातपडताळणीच्या वादात असा अभ्यास ओढला जाण्याची शक्यता खरी आहे, म्हणून ही मर्यादा प्रस्तावातच स्पष्ट लिहा.

## २. परवानग्या, आणि त्यांचा क्रम

पहिली पायरी आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवूनच अर्ज करा. त्यानंतर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, शाळा असेल तर मुख्याध्यापक, आणि ग्रामसभा. भामरागड, एटापल्ली, धारणी, चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे ग्रामसभेला पेसा कायद्याने जे स्थान दिले आहे ते कागदापुरते समजू नका. गावात बसून, लोकांच्या भाषेत, साचे कुठे राहणार आणि किती वर्षे राहणार हे सांगा.

ग्रामसभेने होकार दिला म्हणजे प्रत्येकाने दिला असे होत नाही. सज्ञान व्यक्तीची स्वतःची लेखी संमती लागते. अठराच्या आतील मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते आणि शिवाय मुलाचाही होकार लागतो: ७ ते १२ वयात तोंडी, १२ ते १८ मध्ये लेखी. आश्रमशाळेत पालक जवळ नसतात, म्हणून मुख्याध्यापकांची सही पालकांच्या जागी चालवून घेतली जाते. हे चूक आहे. पालकांच्या गावी जायला वेळ लागत असेल तर तो वेळ वेळापत्रकात धरा.

तपासा: माप घेताना किडलेला दात, सुजलेली हिरडी, तोंडातला पांढरा चट्टा दिसणारच. अशा माणसाला कुठे पाठवायचे, तिथे नेण्याची सोय कोण करणार, हे ठरले आहे का? ठरले नसेल तर अजून निघू नका.

## ३. कोणाची मापे घ्यायची

हा टप्पा सर्वांत जास्त घाईत उरकला जातो.

वय. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, दुसरी बाराव्या. अक्कलदाढ सतराच्या पुढे कधीही येते किंवा येतच नाही. दाताची नक्षी उगवल्या दिवसापासून झिजायला लागते. म्हणून १२ ते २० हा वयोगट सर्वांत उपयोगी: दुसऱ्या दाढा आलेल्या, झीज अजून थोडी. अक्कलदाढेची वैशिष्ट्ये या वयात सोडून द्यावी लागतात, तो तोटा पत्करावा.

प्रौढांची मापे घ्यावी लागलीच तर तंबाखूच्या सवयींची नोंद हवी. पूर्व विदर्भात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, लहान वयातच सुरू होतो. सततच्या चघळण्याने दाढांची नक्षी पुसट होते. सुपारीमुळे तोंडाचा आतला भाग ताठर होऊन तोंड कमी उघडते आणि माप घेण्याचा ट्रे आत जातच नाही. अशा माणसाच्या तोंडात ट्रे जबरदस्तीने घालू नका, त्याला दंतवैद्याकडे पाठवा.

नातेवाईक. एका आश्रमशाळेतली साठ मुले म्हणजे साठ स्वतंत्र नोंदी नव्हेत. त्यात सख्खी भावंडे, चुलत-मावस भावंडे भरलेली असतात. दातांची नक्षी बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्यामुळे एका मोठ्या कुटुंबाचे वैशिष्ट्य साऱ्या जमातीचे म्हणून नोंदले जाते. नियम साधा ठेवा: एका घरातून एकच व्यक्ती. त्याशिवाय प्रत्येकाकडून आजी-आजोबा, दोन्ही बाजूंचे चौघे, कोणत्या गावचे आणि कोणत्या समाजाचे हे विचारून लिहा. चौघेही त्याच जमातीचे असतील तरच ती नोंद मुख्य विश्लेषणात घ्या. बाकीच्या वेगळ्या ठेवा, टाकू नका.

कुळे. गोंडांमध्ये देवांच्या संख्येवरून गट असतात: चार, पाच, सहा, सात देवे. आपल्याच गटात लग्न होत नाही. एका गावात एखाद्याच गटाची घरे जास्त असू शकतात. एकदोन गावांतूनच मापे घेतली तर जमातीचा एकच तुकडा हाती येतो. आते-मामे भावंडांमध्ये लग्न करण्याची रीतही गोंडांत जुनी आहे, त्यामुळे गावातले नाते वरवर दिसते त्याहून घट्ट असते. गावे जास्त, प्रत्येक गावातून माणसे कमी, हेच धोरण योग्य.

संख्या. प्रत्येक गटात किमान ६० जण असावेत असा माझा आग्रह आहे. साठ म्हटले तरी किड, पडलेला दात, फुटलेला साचा यांमुळे एखाद्या वैशिष्ट्याला पस्तीस-चाळीसच नोंदी मिळतात. कमी संख्येने काय होते ते नवव्या टप्प्यात आकड्यांनिशी दाखवले आहे.

## ४. गावात जाण्याआधी डोळा तयार करा

जगभर वापरली जाणारी पद्धत म्हणजे ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीची प्रणाली. क्रिस्टी टर्नर, ख्रिश्चन निकोल आणि रिचर्ड स्कॉट यांनी १९९१ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध केले. तीत तीसहून अधिक वैशिष्ट्ये आहेत, आणि बऱ्याच वैशिष्ट्यांना पायऱ्या, म्हणजे वैशिष्ट्य किती ठळक आहे हे, दाखवणारे प्लास्टरचे नमुना-फलक आहेत. फलक हातात असल्याशिवाय नोंदी करू नका. पुस्तकातल्या फोटोवरून एकआड एक पायरी चुकते, कारण फोटोत खोली दिसत नाही.

सरावासाठी कोणत्याही दंतमहाविद्यालयातले, रीतसर परवानगीने मिळालेले तीसेक साचे पुरेत. तेच साचे पंधरा दिवसांच्या अंतराने पुन्हा बघा, पहिला तक्ता झाकून. ज्या वैशिष्ट्यात तुमचे तुमच्याशीच जुळत नाही ते एकतर शिकून घ्या किंवा यादीतून काढा. सगळी यादी हाताळण्याचा मोह नको. नवख्याने पंधरा-सोळा वैशिष्ट्ये नीट केली तर ती तीस अर्ध्या-कच्च्या नोंदींहून कितीतरी मोलाची ठरतात.

मुळांची संख्या साच्यात दिसत नाही. खालच्या पहिल्या दाढेचे तिसरे मूळ हे आशियाई समाजांच्या तुलनेत महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे, पण त्यासाठी क्ष-किरण चित्र लागते. केवळ संशोधनासाठी निरोगी मुलाचा एक्स-रे काढू नये.

## ५. माप घेणे आणि साचा ओतणे

माप दंतवैद्यानेच घ्यावे किंवा त्याच्या देखरेखीखाली घेतले जावे. पुढचा क्रम मोडू नका.

१. तोंड तपासा. हलणारा दात, ताजी जखम, तारा लावलेले दात असतील तर माप घेऊ नका.

२. चूळ भरायला लावा आणि मऊ ब्रशने दाढांच्या खाचा साफ करा. खाचेत अडकलेले अन्न साच्यात चक्क एक खोटा उंचवटा होऊन बसते.

३. योग्य मापाचा ट्रे निवडा. शेवटची दाढ ट्रेच्या आत यायला हवी.

४. अल्जिनेट, म्हणजे ठसा घेण्याची पावडर, कालवा. पाणी थंड, विशीच्या आसपास तापमानाचे घ्या. गडचिरोलीच्या उन्हाळ्यात कोमट पाण्याने कालवले तर ट्रे तोंडात जाईपर्यंत मिश्रण आवळलेले असते. हापशाचे जड पाणीही ते लवकर आवळते, म्हणून पाणी सोबत न्या. पाण्याचे प्रमाण डब्यावर दिलेलेच.

५. आधी खालचे माप घ्या. त्यात उमासा कमी येतो आणि मुलाची भीती जाते. वरचे माप घेताना बसलेल्या मुलाला मान किंचित पुढे झुकवून नाकाने श्वास घ्यायला सांगा.

६. माप एका झटक्यात सरळ काढा. हळूहळू हलवत काढले तर कडा फाटतात.

७. वाहत्या पाण्यात धुवा, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट फवारा, बंद पिशवीत दहा मिनिटे ठेवा, पुन्हा धुवा.

८. लगेच ओता. अल्जिनेट उघड्यावर पाणी सोडून आकसते, पाण्यात बुडवून ठेवले तर फुगते. ओतायला थोडा वेळ लागणारच असेल तर ओल्या कापडात गुंडाळून बंद पिशवीत ठेवा. अर्धा तास ही शेवटची मर्यादा समजा. मापे जीपमध्ये घालून संध्याकाळी मुक्कामी ओतू, हा बेत प्रकल्प बुडवतो.

९. डेंटल स्टोन, म्हणजे साच्यांसाठीचे कठीण प्लास्टर, वापरा, साधे प्लास्टर नको. १०० ग्रॅम पावडरीला साधारण ३० मिलिलिटर पाणी. एका टोकाच्या दाढेकडून थोडे थोडे सोडत, ट्रे थोपटत न्या, म्हणजे हवा निघून जाते. दाढेच्या टोकावर बुडबुडा राहिला की ती नोंद गेली.

१०. पाऊण तास ते तासाभराने सोडवा. रात्रभर तसेच ठेवले तर अल्जिनेट सुकून घट्ट बसते आणि पटाशीच्या दातांच्या कडा मोडतात.

साचा ओला असतानाच त्याच्या बुडाला सांकेतिक क्रमांक कोरा. नाव नाही, गाव नाही, जमात तर नाहीच. क्रमांक आणि माहिती जोडणारी वही वेगळ्या कपाटात, वेगळ्या माणसाकडे. नोंदी करणाऱ्याला हातातला साचा कोणाचा आहे हे कळता कामा नये. 'हा कोरकू आहे' हे माहीत असले की फावड्यासारखा दात (पुढच्या टप्प्यात पाहा) अर्धी पायरी जास्त दिसतो. हे प्रामाणिक माणसालाही होते.

तपासा: त्या दिवसाचे साचे त्याच दिवशी भिंगाखाली बघा. बिघडलेल्या साच्यासाठी त्याच मुलाचे माप पुन्हा घ्यायचे की नाही, हे त्याला आणि घरच्यांना पुन्हा विचारूनच ठरवा.

## ६. नोंदी: कुठे काय बघायचे

साचा टेबलावर, दिवा एका बाजूने तिरका, दहापट भिंग हाताशी. वरून पडणाऱ्या उजेडात बारीक कडा दिसत नाहीत. एका बैठकीत सगळ्या साच्यांचे एकच वैशिष्ट्य पाहावे. एका साच्याची सगळी वैशिष्ट्ये एकदम पाहू नयेत. असे केल्याने डोळ्यांसमोर एकच फलक राहतो आणि पायऱ्या सरकत नाहीत.

फावड्यासारखा पटाशीचा दात. वरचा मधला पटाशीचा दात, जिभेकडची बाजू. दोन्ही कडांना उभ्या धारा असतात आणि मधला भाग खोलगट होतो. नुसती मधली खोली बघून पायरी देणे ही नेहमीची चूक. पायरी कडांच्या उठावावरून ठरते. ओठाकडच्या बाजूलाही तशा धारा असतील तर ती स्वतंत्र नोंद.

पंखासारखे वळलेले दात. वरचे दोन्ही मधले दात मागच्या बाजूला एकमेकांकडे वळून व्ही आकार होतो. दाटीवाटीमुळेही दात वळतात. जबड्यात दाटी असेल तर नोंद करू नका.

कॅराबेलीचे वैशिष्ट्य. वरची पहिली दाढ, जिभेकडच्या पुढच्या उंचवट्याचा पृष्ठभाग. खाचेपासून सुटे टोक असलेल्या उंचवट्यापर्यंत ० ते ७ पायऱ्या आहेत. फलक न बघता केलेल्या नोंदीत २ आणि ३ ची अदलाबदल हमखास होते.

हायपोकोन. वरच्या दाढेचा जिभेकडचा मागचा उंचवटा. पहिल्या दाढेवर तो जवळजवळ सगळ्यांना असतो, म्हणून फरक पाहायचा तो दुसऱ्या दाढेवर.

खालच्या पहिल्या दाढेचे उंचवटे. क्रमांक असे: पहिला पुढचा गालाकडचा, दुसरा पुढचा जिभेकडचा, तिसरा मागचा गालाकडचा, चौथा मागचा जिभेकडचा. पाचवा उंचवटा मागच्या टोकाला. सहावा पाचव्या आणि चौथ्याच्या मधे असतो आणि त्याची पायरी पाचव्याच्या तुलनेत ठरते, म्हणून पाचवाच नसेल तर सहाव्याची नोंद होऊ शकत नाही. सातवा जिभेकडे, दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधे. सहावा आणि सातवा यांची गल्लत मी इतक्या तक्त्यांत पाहिली आहे की आता तक्ता उघडला की तेच रकाने आधी तपासते.

खाचांची रचना. खालची दुसरी दाढ. उंचवटा २ आणि ३ एकमेकांना भिडत असतील तर वाय, १ आणि ४ भिडत असतील तर एक्स, चारही एका बिंदूत भेटत असतील तर अधिक चिन्ह. आधी उंचवट्यांना क्रमांक द्या, मग ठरवा. याच दाढेवर पाच उंचवटे आहेत की चार, हीसुद्धा वेगळी नोंद.

वळणारी सुरकुती. खालच्या पहिल्या दाढेच्या दुसऱ्या उंचवट्यावरची कड मधेच वळते. झिजेने हे वैशिष्ट्य सर्वांत आधी जाते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलात ते नाही असे लिहिण्याआधी दोनदा विचार करा.

आता या सगळ्या टप्प्यातली सर्वांत महागडी चूक. शून्य आणि रिकामे हे एक नव्हे. शून्य म्हणजे दात नीट दिसला आणि वैशिष्ट्य नाही. दात नाही, किडलेला आहे, झिजला आहे, सिमेंट भरले आहे, बुडबुडा आहे, तर रकाना रिकामा. चंद्रपूर-यवतमाळ भागात फ्लोराइडचे पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर खड्डे असतात, तेही खाचा समजू नका. रिकाम्याच्या जागी शून्य भरले की जास्त झिजलेल्या दातांचा समाज वैशिष्ट्यहीन दिसतो, आणि तो आहाराचा किंवा सवयीचा फरक नाते म्हणून छापला जातो.

दोन्ही बाजूंच्या दातांची नोंद करा आणि व्यक्तीसाठी वरची पायरी घ्या. एक बाजू नसेल तर दुसरी चालेल. डावा आणि उजवा दात वेगवेगळे मोजून संख्या दुप्पट करू नका. एका माणसाची एका वैशिष्ट्यासाठी एकच नोंद.

## ७. पुन्हा नोंद

किमान दोन आठवड्यांनी, सुमारे पाचव्या हिश्शाचे साचे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि पुन्हा नोंदवा. एका पायरीचा फरक चालतो. आहे-नाही हेच दहापैकी एकापेक्षा जास्त वेळा बदलत असेल तर ते वैशिष्ट्य विश्लेषणातून काढा, कितीही आवडते असले तरी. दोघे जण नोंदी करत असतील तर एकाने कातकरी आणि दुसऱ्याने माडिया अशी वाटणी कधीही करू नका. नाहीतर समाजांमधल्या फरकात नोंदी करणाऱ्यांमधला फरकच भरेल.

## ८. आहे-नाही ठरवणे आणि छाटणी

पायऱ्यांचे रूपांतर 'आहे' आणि 'नाही' असे करावे लागते. सीमारेषा कुठे ओढायची हे प्रसिद्ध नियमांतून घ्या आणि आधीच ठरवा. फावड्यासारख्या दातासाठी कोणी २ पासून पुढे 'आहे' धरतात, कोणी ३ पासून. कोणतीही घ्या, पण सर्व गटांना तीच.

सावधान: तुलनेसाठी प्रसिद्ध आकडे घेताना हीच गोष्ट अडवते. ब्रायन हेम्फिल आणि जॉन ल्युकाक्स यांनी गुजरातमधल्या भिल्ल, गरासिया आणि राजपुतांच्या दातांवर काम केले आहे. इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन अवशेषांवर ल्युकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे यांचे काम आहे. असे आकडे आपल्या तक्त्यात घालण्याआधी तीन गोष्टी जुळवा: सीमारेषा, कोणता दात, आणि मोजणी व्यक्तीनुसार की दातानुसार. एकही जुळत नसेल तर तो रकाना वापरू नका.

मग छाटणी करा. सर्व गटांत जवळजवळ शून्य किंवा जवळजवळ शंभर टक्के असलेले वैशिष्ट्य काही सांगत नाही, ते काढा. एखाद्या गटात दहापेक्षा कमी नोंदी असतील तर तेही काढा. उरलेल्यांत एकमेकांशी बांधलेल्या जोड्या शोधा. केंडॉलचा टाऊ, म्हणजे दोन वैशिष्ट्ये किती जोडीने चालतात याचे माप, ०.५ च्या वर गेला तर जोडीतले एक काढा, नाहीतर एकच पुरावा दोनदा मोजला जाईल. दाढांच्या वैशिष्ट्यांत स्त्री-पुरुष फरक सहसा फार थोडा असतो, तो तपासून मग दोन्ही एकत्र करा. सुळ्याच्या मागच्या जादा कडेत मात्र तो फरक दिसतो, म्हणून ते वैशिष्ट्य सोडलेले बरे.

## ९. अंतर काढणे

सर्वांत रुळलेले माप म्हणजे मीन मेझर ऑफ डायव्हर्जन्स, थोडक्यात एमएमडी. प्रत्येक वैशिष्ट्याचे प्रमाण कोनात बदलायचे, दोन गटांच्या कोनांतील फरकाचा वर्ग घ्यायचा, त्यातून लहान संख्येमुळे येणारी चूक वजा करायची आणि सर्व वैशिष्ट्यांची सरासरी काढायची. फ्रीमन-टुकी यांचे कोन-रूपांतर वापरा, लहान गटांना तेच योग्य. आर या मोफत सांख्यिकी संगणक-प्रणालीत अँथ्रोपएमएमडी नावाचे पॅकेज हे काम करते. तरीही एका वैशिष्ट्याचे गणित एकदा कागदावर करून बघा.

समजा गट अ मध्ये १० पैकी ४ जणांत आणि गट ब मध्ये १० पैकी ६ जणांत वैशिष्ट्य आहे. म्हणजे ४० टक्के आणि ६० टक्के. कोनांमधला फरक ०.३६७ येतो, त्याचा वर्ग ०.१३५. वजा करायची रक्कम म्हणजे १ भागिले १०.५, दोन गटांसाठी दोनदा: ०.१९०. उत्तर उणे ०.०५६. आता तेच प्रमाण १०० पैकी ४० आणि १०० पैकी ६० असे घ्या. वर्ग ०.१५९, वजावट ०.०२०, उत्तर अधिक ०.१३९.

टक्केवारी तीच, पण पहिल्या गणितात दोन गट वेगळे म्हणता येत नाहीत आणि दुसऱ्यात येतात. टक्केवारीचा स्तंभालेख काढून 'फरक स्पष्ट दिसतो' असे लिहिणाऱ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

उणे आलेले एकूण अंतर शून्य धरा. एमएमडी त्याच्या प्रमाण विचलनाच्या दुपटीहून जास्त असेल तरच दोन गट वेगळे आहेत असे म्हणा.

## १०. निकाल वाचणे

अंतरांचा तक्ता आधी, चित्र नंतर. झाडासारखी आकृती काढणारी पद्धत कोणत्याही आकड्यांचे झाड काढून देते, अगदी निरर्थक आकड्यांचेही. म्हणून बहुमितीय मापन पद्धतीचे चित्र, ज्यात जवळचे गट जवळ आणि दूरचे दूर मांडलेले असतात, सोबत काढा, आणि झाडात एकत्र आलेले गट तक्त्यातही जवळ आहेत का हे बघा. यानंतर पहिल्या टप्प्यातला कागद काढा. भौगोलिक अंतरांचा तक्ता आणि दातांच्या अंतरांचा तक्ता यांचा मेळ मँटेल चाचणीने तपासा. चार गटांत जोड्या फक्त सहा होतात. एवढ्यावर ती चाचणी फारसे काही सांगत नाही. तुलनेचे गट वाढवण्याचा आग्रह पहिल्या टप्प्यात यासाठीच होता.

दोन गट जवळ आले तर त्याची कारणे निदान दोन: पूर्वज एक असणे किंवा पुढे लग्नसंबंधांनी सरमिसळ होणे. दात एकट्याने यांतला फरक सांगत नाहीत. उलट, एखादी छोटी जमात सर्वांपासून दूर पडली तर ती बाहेरून आली असे लगेच म्हणू नका. लहान लोकसंख्येत पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या योगायोगानेही प्रमाणे सरकतात. विशेष असुरक्षित गटांची संख्या मुळातच कमी असल्याने ही शक्यता आपल्या उदाहरणात फार खरी आहे.

एकाच वैशिष्ट्यावर कथा रचू नका. फावड्यासारख्या दाताचेच घ्या. ईडीएआर नावाच्या जनुकाचा एक प्रकार त्यामागे असतो. तोच केसांची जाडीही वाढवतो आणि पूर्व आशियात तो निवडीने पसरला आहे. मुंडा भाषिकांच्या पितृवंशाच्या जनुकीय खुणा आग्नेय आशियाशी जुळतात हे माहीत असल्यामुळे कोरकूंत हा दात जरा जास्त दिसला की निष्कर्षाकडे उडी मारावीशी वाटते. ते वैशिष्ट्य वगळून पूर्ण विश्लेषण पुन्हा करा. कोरकू तरीही त्याच जागी राहिले तर निष्कर्षाला आधार आहे. जागा बदलली तर तेही प्रबंधात लिहा.

## ११. छापण्याआधी

टक्केवारी छापू नका, किंवा छापलीच तर प्रत्येक रकान्यात एकूण किती पाहिले आणि किती जणांत आढळले हे दोन पूर्णांक द्या. त्याशिवाय पुढच्या संशोधकाला तुमचा गट त्याच्या तक्त्यात घेताच येत नाही. सोबत कोणता दात, कोणती सीमारेषा, पुनर्नोंदीचा निकाल आणि काढून टाकलेली वैशिष्ट्ये, कारणांसह. गावांची नावे, कुळे आणि वये यांची अशी जोडणी छापू नका की छोट्या पाड्यातली व्यक्ती ओळखू येईल.

मसुदा पाठवण्याआधी ज्या गावांनी मापे दिली तिथे जा आणि निष्कर्ष त्यांच्या भाषेत सांगा. जमातीविषयी लिहिलेले एखादे वाक्य त्यांना खटकले तर का खटकले ते ऐका. अनेकदा त्या हरकतीत लग्नसंबंधांची किंवा स्थलांतराची अशी माहिती असते जी तुमच्या तक्त्यातल्या एखाद्या विचित्र अंतराचा खुलासा करते. ती माहिती, सांगणाऱ्यांची परवानगी घेऊन, चर्चेच्या प्रकरणात घाला. साच्यांची पूर्ण यादी, ते ठेवलेल्या संस्थेचे नाव आणि ते परत मागण्याची किंवा नष्ट करायला सांगण्याची रीत, हा कागद ग्रामसभेच्या दप्तरी जमा करून पोच घ्या.